रोपांची हजेरी जूनमध्ये घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की जिल्हा परिषदेच्या शाळांना वृक्षलागवडीचे उद्दिष्ट येते. खड्डे किती, रोपे किती, फोटो कधी अपलोड करणार, हे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली, हे मात्र कोणी विचारत नाही. शाळेतल्या पर्यावरण विषयाची खरी परीक्षा त्याच प्रश्नात आहे आणि ती जूनमध्ये, शाळा उघडते त्या दिवशी व्हायला हवी.

पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले आणि 2003 साली पुन्हा बजावले. पुस्तकांची वाण आज नाही. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, 2001-02 पासून शाळांमधल्या पर्यावरण मंडळांची राष्ट्रीय हरित सेना आहे. घोळ आहे तो वेळापत्रकात. 5 जूनच्या पर्यावरण दिनी आपल्याकडे शाळांना उन्हाळी सुट्टी असते. रोपे लागतात जुलैत, त्यांचा कस लागतो मार्च ते मे, आणि ऐन मे महिन्यात शाळेला कुलूप असते.

काम उलट्या बाजूने सुरू करावे लागेल, म्हणजे खड्ड्यापासून. शाळेचे पटांगण वर्षानुवर्षे पायांखाली तुडवून घट्ट झालेले असते. अशा मुरमात फूटभराचा खड्डा म्हणजे कुंडीच. मुळे कडेला आपटून मागे फिरतात. खड्डा किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल हवा, आणि तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. भरण्याआधी त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर तळ पहारीने फोडावा, नाहीतर पावसाळ्यातच मुळे कुजतात. भरताना दर दोन घमेली वरच्या मातीला एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कच्चे शेण टाकले की हुमणी ही अळी येते आणि मुळेच खाऊन टाकते. ही चूक फार ठिकाणी होते, कारण गावात ताजे शेण फुकट मिळते.

सगळ्यात जास्त रोपे मरतात ती रोपवाटिकेच्या प्लास्टिक पिशवीमुळे. पाहुणे आलेले, घाई झालेली, कोणीतरी पिशवीला नुसती चीर देऊन रोप खड्ड्यात ठेवते. पिशवीच्या तळाशी मुळांनी घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे केलेले असते. ते तसेच राहिले तर रोप पाऊस असेपर्यंत हिरवे दिसते आणि फेब्रुवारीत उभे वाळते. ब्लेडने तळाचा इंचभर भाग वेटोळ्यासकट कापून टाकायचा, मग उभी चीर देऊन पिशवी पूर्ण काढायची. खोड मातीला जिथे मिळते ती रेघ खड्डा भरल्यावर जमिनीच्या पातळीवरच यावी, खाली गाडली जाऊ नये. लागवड संपल्यावर मुलांनी रिकाम्या पिशव्या मोजाव्यात. पन्नास रोपे आणि बेचाळीस पिशव्या, म्हणजे आठ जमिनीत राहिल्या. त्याच दिवशी त्या शोधून काढता येतात.

यानंतर येते ती वही. सहावी-सातवीच्या प्रत्येक गटाकडे पाच रोपे, प्रत्येक रोपाला क्रमांक, आणि वहीत चार रकाने: तारीख, उंची, घेर, शेरा. घेर जमिनीपासून 10 सें.मी. वर दोरा गुंडाळून घ्यायचा आणि दोरा पट्टीवर मोजायचा. महिन्यातून एक आनंददायी शनिवार, म्हणजे दप्तराविना उपक्रमांचा दिवस, एवढ्याला पुरतो. शिक्षकांनी एक गोष्ट सांभाळावी. शेळीने शेंडा खाल्ला की उंची कमी भरते आणि मुले घाबरून जुनाच आकडा लिहितात. 62 चे 41 झाले तर 41 लिहायला शिकवणे, शेऱ्यात ‘शेळी’ लिहायला लावणे आणि कुंपणाच्या बोरी-बाभळीच्या काट्या कुठे सरकल्या ते पाहायला पाठवणे, विज्ञानाचा तास यापेक्षा वेगळा नसतो.

मेलेले रोप वहीतून खोडायचे नाही. ते मुळासकट उकरून वर्गासमोर ठेवायचे. मुळे काळी पडून आंबूस वास येत असेल तर पाणी साचले होते. खोडावर मातीचा लेप आणि आत पोकळी, तर वाळवी. मुळे कुरतडलेली आणि मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी, तर हुमणी. मातीचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा आणि बाहेर एकही नवे मूळ नाही, तर रोपाने जमीन धरलीच नव्हती. दहा मेलेल्या रोपांची कारणे मुलांनी स्वतः लिहिली तर पुढच्या जुलैत त्याच चुका तीच मुले होऊ देत नाहीत. हे काम आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनातल्या प्रकल्पात धरता येते, त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही.

आता सुट्टीतल्या पाण्याचे. सुट्टीच्या सहा आठवड्यांत वीस रोपांना आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर दिले तर एकूण 2,400 लिटर लागते. टंचाईच्या गावात एवढे पाणी मागणे अवघडच. म्हणून मडक्याची जुनी पद्धत घ्यावी. पाच लिटरचे, न रंगवलेले, भाजलेल्या लाल मातीचे मडके खोडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचे, भरायचे आणि झाकायचे. झाकण नसेल तर डास होतात आणि सरडे पडून मरतात. पाणी भिंतीतून झिरपत थेट मुळांशी जाते, उन्हात उडत नाही. भोवती तीन-चार इंच पालापाचोळा अंथरला की चार-पाच दिवसांतून एकदा भरणे पुरते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर मडक्यावर पांढरा थर धरतो आणि झिरपणे बंद पडते. असे मडके दुसऱ्या वर्षी बदलावे. भरण्याची पाळी शाळा व्यवस्थापन समितीच्या एप्रिलच्या बैठकीत नावानिशी ठरवावी. ‘गावकरी बघतील’ असे इतिवृत्तात लिहिले की कोणीच बघत नाही.

पालापाचोळ्यावरून आठवले. कित्येक शाळांत सकाळी पटांगण झाडून पाने पेटवून देतात आणि त्याच दिवशी वर्गात प्रदूषणाचा धडा होतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली आहे. तीच पाने रोपांच्या बुडाशी घातली तर पाणीही वाचते.

झाडे निवडतानाही शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तो लवकर वाढतो म्हणून लावतात. त्याऐवजी चिंच, करंज, जांभूळ, बहावा आणि आपटा लावावा. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या नावाने कांचनाची पानेही सर्रास विकली जातात. दोन्हीची पाने शेजारी ठेवली की आपट्याचे पान लहान आणि जाडसर दिसते, कांचनाचे मोठे. तिसरीच्या मुलालाही हा फरक ओळखता येतो. ओळखले की मग दसऱ्याला शाळेतल्या आपट्याची फांदी कोणी तोडू लागले तर मुलेच अडवतात.

शिक्षण विभागाकडे मागणी छोटी आहे. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या शाळाभेटीच्या नमुन्यात दोन आकडे वाढवावेत: गेल्या जुलैत लावलेली रोपे आणि आज जिवंत असलेली. निम्म्याहून कमी जगली असतील तर त्या शाळेला नवे उद्दिष्ट देऊ नये, जुन्याच खड्ड्यांत पुन्हा लावायला सांगावे. आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी शाळांना शंभर वीतभर रोपे देण्याऐवजी दीड वर्षाची, कमरेएवढी वीसच द्यावीत. वीस खड्डे एका शाळेला नीट खणता येतात आणि वीस मडकी मे महिन्यात एका माणसाला भरता येतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. बीड