मृगाच्या आत येते

ती. आई-बाबांना,
सा. न.

हे फोनवरच सांगायचं होतं. तीनदा लावला, पण आईचं "हॅलो" ऐकलं की मी "जेवायला काय केलंस?" विचारते आणि बाकीचं गिळून टाकते. म्हणून लिहितेय. बाबा, आधी तुम्ही एकट्याने वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. तिचा चष्मा फ्रीजवर असेल.

मी नोकरी सोडली. 31 ऑगस्ट हा शेवटचा दिवस होता. भाऊबीज झाली की शुभा आणि मी निघतोय. आधी न्यूझीलंड, जानेवारीत अर्जेंटिना, मग एप्रिलमध्ये स्लोव्हेनिया. मासे धरायला. हो, आपल्या घरातली मुलगी, जिथे अंड्याचा केकसुद्धा गॅलरीत उभं राहून खावा लागतो.

पैशांची काळजी करू नका. एफडी मोडलेली नाही, पीएफला हात लावलेला नाही. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय, हप्ता त्यातून जातो. गाडी विकली. तशी ती उभीच असायची, पेट्रोल महाग, पार्किंगला जागा नाही... बघा, सहा महिने मी स्वतःलाच हे सगळं समजावत होते, आता तुम्हाला समजावतेय. खरं कारण एवढंच की मला जायचंय. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून ठरवलं होतं. तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं.

आणखी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी हिमाचलला गेलो तो ट्रेक नव्हता. परवाना काढून तीर्थन नदीत उभं राहून आम्ही ट्राउट धरायला शिकत होतो. बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. यात गळाला वजन असं नसतंच. माशी म्हणायचं तिला, पण ती आकड्यावर दोऱ्याने बांधलेली पिसं असतात, फुंकर मारली तर उडतील. वजन सगळं दोरीत. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची, एक क्षण थांबायचं, मग पुढे सोडायची. घाई केली की गुंता आपल्याच डोक्यावर. शिकवणारा पहाडी हिंदीत ओरडत होता आणि मला मात्र येवल्याच्या गच्चीवरून तुम्ही ऐकू येत होतात, "ढील दे, ढील!"

इतकी वर्षं मी नुसती आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरली. पतंग कायम दादाच्या हातात. तक्रार नाही (थोडी आहे). त्या करीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दादा तापाने झोपला होता म्हणून तुम्ही दोर माझ्याकडे दिलात, आणि बोट कापलं तरी मी रडले नाही, कारण रडले असते तर तुम्ही काढून घेतला असता. तीर्थनला पहिला मासा लागला, रीळ गरगरायला लागलं, तेव्हा शुभा "ओढ, ओढ" करत होती. मी ओढलं नाही. पळू दिलं. दमल्यावर आपोआप जवळ आला, वीतभर, अंगावर तांबडे ठिपके. मग सोडून दिला.

आई, तू विचारशील, सोडायचाच तर धरायचा कशाला? त्या जिवाला फुकटचा त्रास. याला माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर नाही. सांगते ते एवढंच की आकड्याची उलटी कूस आम्ही चिमट्याने दाबून टाकतो, म्हणजे तो अलगद निघतो. हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो. पाण्याबाहेर जवळजवळ काढायचाच नाही. प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, त्याने शेपटी हलवली की बोटं सैल करायची. जातो.

आणि सोवळं तुझ्यापेक्षा कडक! 2004 साली न्यूझीलंडच्या एका नदीत डिडिमो नावाचं परकं शेवाळ सापडलं, तेव्हापासून एका नदीचं पाणी दुसऱ्या नदीत न्यायचं नाही. बूट भांड्याच्या साबणाच्या पाण्यात धुवून खडखडीत वाळवायचे. नमद्याच्या तळव्याचे बूट तर चालतच नाहीत, कारण ते ओले राहतात. शुभाचे नवेकोरे तसेच निघाले, दोन दिवस तोंड फुगवून होती. विमानतळावर खाण्याची प्रत्येक पुडी दाखवावी लागते, तेव्हा चिवडा, मेतकूट, भाजणी काही बांधू नकोस. बरं, चिवडा थोडा दे. प्रवासातच संपवू.

पाण्याची तुला भीती का वाटते ते मला माहीत आहे. आप्पामामाचं मीही विसरलेले नाही. म्हणूनच दोघी. तिथलं पाणी इतकं नितळ की एकीने उंच काठावरून मासा कुठे आहे ते सांगायचं आणि दुसरीने दोरी टाकायची. एकटीने उतरायचं नाही, मांडीच्या वर पाणी घ्यायचं नाही, ओलांडताना एकमेकींना धरून. पाऊस झाला की सरळ खोलीवर.

आता तुमचं. गोळ्यांचे डबे मी दिवाळीत तीन महिन्यांचे भरून ठेवते, पुढचे केमिस्टवाला घरी आणून देईल, पैसे दिलेत. मोरीत दांडा बसवून घ्या. बाबा, "बघू" म्हणायचं नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्हीसमोर बसून कर, पण कर. रोज सकाळी साडेसातला फोन करेन, तेव्हा तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतील. अर्जेंटिनाहून तुमच्या संध्याकाळी साडेसातला, मालिका सुरू व्हायच्या आत. दादाशी बोललेय, दर महिन्याला एक शनिवार-रविवार तो बंगळुरूहून येईल. नाही आला तर मला सांगा, वहिनीला नको.

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय म्हणे. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी आलं ते बातम्यांत दिसतं, बाबा. गंगेवर जाऊन मोजायची गरज नाही. तेवढं ऐका.

मृग लागायच्या आत परत येते. संक्रांतीला मात्र नसेन. येवल्याला जा, पण गच्चीवर एकटे चढू नका. आसारी धरायला काकाच्या नातीला घ्या. आणि दोर तिच्याही हातात द्या, कोणाला ताप यायची वाट न बघता.

तुमची,
मनी

ता. क. आई, शिवणाच्या डब्यातलं चॉकलेटी रेशमाचं रीळ तू दोन वर्षं शोधतेयस, ते माझ्याकडे आहे. तीर्थनची माशी त्याचीच बांधलेली होती. अर्धं उरलंय. बाईला उगाच बोललीस.