मिरजेच्या डॉक्टर मॅडमना, आईच्या पिशवीबद्दल

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण आईचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून आई एकच सांगत होती. "हे वयाचं दुखणं न्हाई. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत न्हाई, दोन्ही हातांची." सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात तिला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. वय झालंय, वजन कमी करा, पुढचा पेशंट. सकाळी तासभर राहणारा आखडलेपणा ही आमवाताची मोठी खूण असते, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही, संताप आला. ती खूण आई पहिल्यापासून तोंडाने सांगत होती की!

तुमच्याकडे येण्याआधीच, निदान झाल्यावर, मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं होतं, आठवड्यातून एकदा. गोळीच्या दुसऱ्या दिवशी तिला अन्न समोर नको व्हायचं. हेच औषध कॅन्सरलाही देतात, असं कुणीतरी मोबाईलवर वाचून तिला सांगितलेलं, त्याची धास्ती वेगळी. तिनं ते तेव्हाच्या डॉक्टरांना विचारलं, तर बाकड्यांवर बसलेल्या सगळ्यांदेखत झापलं, "मग मोबाईलकडूनच औषध घ्या." जडीबुटीवाले एक गृहस्थ भेटले, ते म्हणाले इंग्रजी गोळ्या गटारात टाका, मुळापासून बरं करतो. आई दोघांनाही घाबरली. गोळी घ्यायची, काढाही घ्यायची आणि दोन्हीबद्दल कुणाजवळ ब्र काढायची नाही. तुमच्याकडे येतानाही एसटीत मला बजावलं होतं, "काढ्याचं सांगू नगं, डॉक्टर वरडत्यात."

तुम्ही मात्र तपासून झाल्यावर पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "मावशी, अजून काय काय घेता? मला सगळं माहीत पाहिजे. ओरडणार नाही." आईनं माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवलं. गुळवेलीचं चूर्ण, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, एक बिननावाची पुडी. तुम्ही पुडी उघडून वास घेतलात. आणि मग केसपेपरवर तुमच्या गोळ्यांच्या खाली, त्याच अक्षरात, त्याच रांगेत आईची औषधं लिहिलीत. गुळवेल किती चमचे, कधी, कशाबरोबर.

तेवढंच. पण त्या कागदाकडे बघताना आईचा चेहरा मी पाहिला आहे. आपण करतो ते कुणीतरी लिहून घेण्याजोगं मानलं, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

म्हणून नंतर तुम्ही जे थांबवायला सांगितलंत ते तिनं ऐकलं. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून कोरोनात घरोघरी प्यायली गेली. पण आमवातात तीच शक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते. "आपलीच राखणदार कुत्री घरच्यांना चावत सुटली असतील तर त्यांना आणखी खुराक कशाला?" हे तुमचं वाक्य आई आता गल्लीभर सांगते. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आणि आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, हे दोन्ही तुम्ही सांगितलंत. मेथोट्रेक्सेटचाही यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून तूर्त गुळवेल आणि कॅप्सूल बंद, बिननावाची पुडी तर कायमची बंद. स्वयंपाकातली हळद आणि रात्रीचं हळदीचं दूध मात्र चालू. सांगलीच्या बाईला हळद सोडायला न लावल्याबद्दल वेगळे आभार!

मळमळीचंही तुम्ही खरं मानलंत. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ती "ताकदीची" समजून सोडून बसली होती. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करायला ती असते, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता ती चालू आहे, आठवड्याची गोळी रात्री जेवणानंतर घेते आणि दुसऱ्या दिवशी भाकरी खाते.

आईला आतून जे वाटत होतं त्यातलं निम्मं बरोबर निघालं. झाडपाल्यानं कधी अपाय होत नाही, हे मात्र तिचं चुकलं. पण हा निवाडा व्हायला आधी तिला सगळं बोलता यायला हवं होतं. ज्याला झापलं जातं तो औषध सोडत नाही, सांगणं सोडतो, आणि मग डॉक्टर अंधारात गोळ्या लिहीत राहतात. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉक्टर वॉनलेस साहेबांच्या काळापासून इथं लांबलांबून, पार कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. तुमच्या दारातही त्या दिवशी विजापूरकडच्या एक आजी बसल्या होत्या. आम्ही बाहेर पडताना तुम्ही त्यांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारत होतात, घरचं काय औषध घेता. डिग्री पुष्कळांकडे असते. असं विचारायला जी माणुसकी लागते, ती मला फार थोड्यांत दिसली.

पुढच्या रक्ततपासणीला येताना आई स्वतःच यादी लिहून आणणार आहे. त्यात गुडघ्याला चोळायचं निर्गुडीचं तेल नवीन आहे, तेवढं चालेल का बघा.

तुमची ऋणी,
त्या मावशींची मुलगी