आधी पहिल्या लग्नाचे कागद

विश्रामबाग, सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

इकडची फाइल मी बांधतो आहे, तिकडची तू बांध. जावईबापूंना अमेरिकेत बोलावून घेण्याचा आय-१३० अर्ज कुठे अडलाच तर तो तुझ्या पहिल्या लग्नापाशी अडेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुला ग्रीन कार्ड पहिल्या नवऱ्यामुळे मिळालं. अशा वेळी ग्रीन कार्डाला पाच वर्षं व्हायच्या आत दुसऱ्या नवऱ्याचा अर्ज मंजूर करून घ्यायचा, तर पहिलं लग्न निव्वळ कागदासाठी केलेलं नव्हतं हे तुलाच दाखवावं लागतं, आणि तेही नेहमीपेक्षा कडक कसोटीवर. तू नागरिक झालीस की ही अट सुटते. पण अमेरिकन नागरिकाच्या बायकोला तीन वर्षांतच नागरिकत्व मागता येतं, ती सवलत घटस्फोटामुळे गेली. आता पाच वर्षंच, नागरिकत्वाचा अर्ज फार तर ९० दिवस आधी.

माझं मत विचारशील तर थांबू नकोस. त्या संसाराचा पुरावा भक्कम आहे: दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न, जॉइंट खातं, विम्यात वारस म्हणून लावलेलं नाव, फोटो. तो अल्बम नकोसा झाला असेल, तरी टाकू नकोस. अर्ज फेटाळलाच तर पाच वर्षांनंतर नव्याने करता येतो; बुडते ती फी (ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५) आणि रांगेतला नंबर.

रांग म्हणजे व्हिसाची एफ२ए, ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांची. मध्येच तू नागरिक झालीस तर रांग उरत नाही, पण तिथे एक मेख आहे. जावईबापूंची पहिल्या लग्नाची लेक आत्ता वडिलांच्याच अर्जाला जोडून येऊ शकते. नागरिकाच्या नवऱ्याला मूल जोडता येत नाही, तिच्या नावाचा वेगळा आय-१३० लागतो. तुमच्या लग्नाच्या वेळी ती १८ च्या आत होती, म्हणून सावत्र मुलगी म्हणून ती बसते. तिचा वेगळा अर्ज आत्ताच टाकून ठेव. तिच्या आईची संमती किंवा ताब्याचा कोर्टाचा आदेश, ते मी इकडे बघतो.

लग्न इथे लागलं, तेव्हा आधी ते इथल्या कायद्यात बसायला हवं. स्टँपपेपरवर नोटरी करून घेतलेली काडीमोड आपल्या भागात लोक अजून पुरेशी समजतात. व्हिसाच्या फाइलीत तिच्यावर विसंबू नये. जावईबापूंचा घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा आहे, त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढायला टाकली आहे. मुलाखतीला नुसती झेरॉक्स चालत नाही. निकाल आणि तुमचं लग्न यांत सात महिने आहेत, म्हणजे अपिलाची ९० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. ती उलटायच्या आत लग्न लावलं की हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ आडवं येतं.

तुझा घटस्फोट तिकडच्या कोर्टाचा. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशी घटस्फोट इथे कधी मानायचा ते घालून दिलंय. एकतर्फी निकाल सहसा टिकत नाही, दुसऱ्या बाजूची संमती असेल तर टिकतो. म्हणून पहिल्या नवऱ्याच्या सहीचा समझोत्याचा कागद निकालापासून सुटा करू नकोस.

आता नावं. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव माझं, ग्रीन कार्डावर पहिल्या नवऱ्याचं, आणि महापालिकेच्या विवाह नोंदणी दाखल्यावर पुन्हा माझं. मधलं नाव लग्नानंतर बदलतं ही आपली रीत तिकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. त्याला या दोन बायका वाटतील. 'यापूर्वी वापरलेली नावं' या रकान्यात सगळी लिही, पासपोर्टात आहे त्याच स्पेलिंगने. मराठी दाखल्यांच्या इंग्रजी भाषांतराखाली भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येत असल्याचं आणि भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं लिहून सही करायची असते. ती सही तुझी किंवा जावईबापूंची नको.

दुसरेपणाचं लग्न आपल्याकडे देवळात चार माणसांत उरकतात. ना पत्रिका, ना हॉल. भारतीय लग्न म्हणजे पाचशे पानं, असं मनात धरून बसलेल्या अधिकाऱ्याला ते संशयास्पद वाटू शकतं. दोन्हीकडची वडीलधारी माणसं दिसतील असे फोटो निवड, मागे कोण कुणाचं ते लिही. त्याशिवाय विमानाची तिकिटं, पासपोर्टावरचे शिक्के, कॉलच्या नोंदी. महिन्याला दोन-तीन पुरेत, चारशे पानं कोणी वाचत नाही.

मंजुरीनंतर एनव्हीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, माणशी ३२५ डॉलर आणि आय-८६४ या आर्थिक हमीपत्राचे १२०. तुमचं घर तिघांचं धरलं जाईल. तेवढ्यांच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न तुझं दिसायला हवं, कमी पडलं तर जोडीला दुसरा हमीदार. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी आत्ताच करायची घाई नको, मुंबईच्या मुलाखतीपर्यंत शिळी होतात.

तुझ्या निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत आणि समझोता कुरिअरने पाठव. फोटोंच्या मागे पेन्सिलने लिही, शाई पुढे उमटते.

तुझे बाबा