आई-बाबा, पोळी आता ओळंब्यात आहेत

प्रिय आई-बाबा,

फोनवर दर वेळी आई विचारते "किती चावल्या?" आणि मागून बाबांचा आवाज येतो "मध निघाला का?", आणि मी दोघांनाही अर्धंमुर्धं उत्तर देऊन विषय बदलते, कारण मी पाळलेल्या मधमाशांचं आणि त्यांच्या पोळ्यांचं फोनवर सांगायला घेतलं की नीट सांगताच येत नाही. म्हणून आज बसून सगळं लिहितेय. लांबलचक होणारे, पण आई तू चष्मा लावून बाबांना मोठ्याने वाचून दाखव, त्यांना ऐकायलाच जास्त आवडतं.

आधी पेटीचं सांगते, कारण बाबांनी मागे विचारलं होतं की ही नेहमीच्या मधपेटीसारखी का नाही. नेहमीच्या पेटीत एकावर एक मजले चढवतात, आत चौकटी आणि चौकटीत तयार मेणपत्रा, म्हणजे ज्यावर माशा घरं बांधतात तो मेणाचा पातळ पत्रा, आणि मधाने भरलेला मोठा मजला ३५ किलोच्या आसपास जातो. खाली काय चाललंय ते बघायचं तर तो उचलून बाजूला ठेवावा लागतो. माझी पेटी आडवी आहे, गुरांच्या डोणीसारखी, वर रुंद आणि खाली निमुळती, मीटरभर लांब. वर २८ लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटून बसवल्यात, प्रत्येक ३५ मिलिमीटर रुंद, कारण या माशा एका पोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण तेवढंच अंतर ठेवतात. पट्टीच्या खालच्या बाजूला मधोमध एक धार काढलीये, तिला मेण चोळायचं, बस्स. चौकट नाही, मेणपत्रा नाही. त्या धारेपासून खाली माशा आपलं आपण बांधत जातात. उचलायचं असतं ते फक्त एका पट्टीचं एक पोळं. बाबा, खरं सांगते, ही पेटी निवडताना तुमची पाठ माझ्या डोक्यात होती.

आणि ही काही नवी टूम नाही हं. जॉर्ज व्हीलर नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६८२ साली छापलेल्या ग्रीसच्या प्रवासवर्णनात अशाच टोपल्या सांगितल्यात, वर रुंद, खाली अरुंद, मातीने लिंपलेल्या आणि तोंडावर पट्ट्या ठेवलेल्या, आणि तिथले लोक वसाहत वाढली की माशांसकट काही पट्ट्या दुसऱ्या टोपलीत हलवून एकाच्या दोन करायचे. आत्ताच्या पेटीला जे रूप आहे ते १९७० च्या दशकात केनियात रुळलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, की एवढ्या साध्या वस्तूवर इतकी माणसं इतकी वर्षं विचार करत आलीत.

माशा मिळाल्या त्या एका अनुभवी मधपाळाने पकडलेल्या थव्यातल्या. थवा म्हणजे जुनं घर सोडून नवं शोधायला एकत्र निघालेल्या माशा. थवा निघतो तेव्हा माशा पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात म्हणून शांत असतात, आणि घर बांधायची त्यांना जाम घाई असते. खोका पेटीवर उपडा करून एक हिसडा दिला आणि तो सगळा जिवंत गोळा आत ओघळला. तिसऱ्या दिवशी मी पेटीच्या बाजूच्या काचेचं झाकण उघडून पाहिलं तर माशा एकमेकींच्या पायात पाय अडकवून साखळ्या करून लोंबत होत्या, सरळ खाली, आणि त्या साखळ्यांच्या मधोमध पांढरंशुभ्र, तळहाताएवढं पोळं. इतकं पांढरं की आतून उजेड येतोय असं वाटत होतं.

आता बाबा, हा भाग तुमच्यासाठी. माशा पोळं बांधतात ते बरोब्बर ओळंब्यात. पेटी कशी ठेवलीये याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, जमिनीकडे सरळ खाली जाणारी रेष तेवढी त्या ओळखतात. मी पेटी ठेवताना लेव्हल बघितली होती, पण एक जोरदार पाऊस झाला आणि एका बाजूचे पाय मातीत थोडे खचले. माझ्या लक्षातही आलं नाही. पेटी लांबीच्या अंगाने कलली, माशांनी मात्र पोळी सरळच खाली नेली, त्यामुळे पट्टीच्या हिशोबाने ती तिरकी झाली आणि पुढची दोन तर शेजारच्या पट्टीला जाऊन चिकटली. एक पट्टी उचलायला गेलं की दुसरी ओढली जायची. तेव्हा मला तुम्ही भिंतीपाशी दोरी धरून उभे असलेले आठवलात, "डोळा फसवतो, ओळंबा नाही" म्हणायचात ना, अगदी तेच. पायांखाली फरशीचे तुकडे घातले, पेटी सरळ केली, जी टोकं वळली होती ती मेण कोवळं असतानाच बोटाने हलकेच दाबून पट्टीच्या धारेखाली आणली. कोवळं मेण वाकतं, जुनं वाकत नाही, मोडतं. त्यानंतर नवीन पोळी सरळ आली. आता नवीन पट्टी देताना मी ती दोन सरळ पोळ्यांच्या मधे देते, दोन्ही बाजूंच्या भिंती सरळ असल्या की मधलं वाकडं जातच नाही.

दुसरी चूक मोठी होती आणि ती तुम्हाला फोनवर सांगितली नव्हती. दुपारची वेळ, ऊन तापलेलं, आणि मी एक भरलेलं पोळं पट्टीसकट उचलून दुसरी बाजू बघायला आडवं केलं, पुस्तकाचं पान उलटावं तसं. चौकटीतलं पोळं तसं धरलं तर बहुतेक वेळा चालतं, चारही बाजूंनी आधार असतो. हे फक्त वरून लटकलेलं, उन्हाने मऊ झालेलं, आत मध आणि पिल्लं. हातातच पट्टीपासून सुटलं आणि खाली पेटीत पडलं. तो आवाज अजून कानात आहे, धप्प असा, ओला. माशा चिरडल्या, मध सांडला, अळ्या उघड्या पडल्या. मी हात थरथरत असताना पिल्लांचा जेवढा तुकडा शाबूत होता तेवढा सुती नाडीने पट्टीला बांधून परत आत ठेवला, बाकीचं बाहेर काढलं आणि पेटी बंद केली. त्या रात्री झोप लागली नाही, राणी त्यात चिरडली गेली असेल का हेच मनात.

लगेच परत उघडायची नाही असं सगळे सांगतात, म्हणून आठ दिवस थांबले. आई, या वेळी सकाळी लवकर गेले, मेण थंड असताना. पट्टी वर घेतली, पोळं जमिनीकडे सरळ लटकतं ठेवलं आणि सूर्याकडे पाठ करून घरांच्या तळाशी बघितलं. काहीच दिसेना. मग तू सुईत दोरा ओवताना करतेस तसा एक डोळा मिटून, थोडं तिरकं धरून बघितलं, आणि दिसलं, प्रत्येक घराच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याचा कापून ठेवलेला तुकडा असावा तसं एकेक अंडं, काही सरळ उभी, काही कललेली. अंडं तीन दिवसच अंडं असतं, पहिल्या दिवशी उभं, मग कलतं, मग आडवं होऊन त्याची अळी. म्हणजे उभं अंडं दिसलं की राणी कालपरवा तिथून गेलीये. मला ती स्वतः दिसली नाही, पण मी तिथेच उभी राहून रडले. आणि बांधलेला तुकडा माशांनी वरच्या बाजूने पट्टीला जोडून टाकला होता आणि नाडीचे धागे कुरतडून दाराबाहेर नेऊन टाकले होते.

चावण्याचं. हो, चावतात. आजवर सात-आठ वेळा. पहिल्यांदा मनगटावर, हातमोज्याच्या वरच्या कडेला. नांगी तिथेच राहते आणि तिला जोडलेली पिशवी त्यानंतरही विष ढकलत राहते, म्हणून कशी काढायची याचा विचार करत बसायचं नाही, नखाने लगेच खरवडून टाकायची. त्या जागेला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, तो इतर माशांना इशारा असतो, म्हणून तिथे धूर मारायचा आणि शांतपणे मागे व्हायचं. मला जागेवर सूज येते, दोन दिवस खाज सुटते, तेवढंच. अंगभर गांधी उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं असं कोणाला झालं तर एक मिनिट न घालवता हॉस्पिटल, हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि पेटीकडे जाताना फोन खिशात असतोच. शिवाय या पेटीत एक मोठा फायदा आहे, पट्ट्या चिकटून असल्यामुळे छप्पर काढलं तरी पोळं उघडं पडत नाही, एक पट्टी काढली की तेवढीच फट. माशा खूपच कमी बिथरतात. तेव्हा आई, काळजी थोडी कमी कर.

मुंग्यांसाठी पायांखाली तेल-पाण्याचे डबे ठेवलेत. शेवटच्या रिकाम्या पोळ्यात एकदा मेणकिड्याची, म्हणजे मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळीची, जाळी दिसली, ते पोळं काढून टाकलं आणि माशांना राखता येईल तेवढीच जागा ठेवून मधे फळी सरकवली.

मध यंदा एकाच पोळ्याचा घेतला, दीड किलोच्या आसपास भरला. तोही घरं वरून मेणाने बंद केलेली होती म्हणून. फुलातून आणलेल्या रसात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं, माशा पंख मारून मारून ते १८ टक्क्यांच्या जवळपास आणतात आणि मगच झाकण लावतात, त्याआधी काढला तर मध आंबतो. यंत्र वगैरे काही नाही, चौकटीशिवायचं पोळं यंत्रात फिरवलं तर तुटतं, म्हणून कुस्करून कापडातून गाळला, रात्रभर थेंब थेंब पडत होता. पोळंच कापून घेतल्यामुळे त्यांना मेण परत बनवावं लागतं आणि मेण बनवायला त्या कितीतरी मध खाऊन संपवतात, म्हणून अशा पेटीत मध कमी मिळतो हे खरंय. मला ते चालतं. बाकी सगळा फुलं नसतील त्या दिवसांसाठी त्यांच्याकडेच ठेवलाय. एक बाटली तुमच्या नावाची बाजूला काढलीये, पाठवणार नाही, इथे येऊन घ्या.

काचेच्या बाजूला मी दोन खुर्च्या ठेवल्यात. माशांचं दार पलीकडच्या अंगाला आहे, त्यामुळे त्यांच्या वाटेत तुम्ही येणार नाही. बसूनच सगळं दिसतं, उभं राहायची पण गरज नाही. बाबा, येताना तुमचा ओळंबा घेऊन या, मातीतले पाय परत थोडे खचलेत असं वाटतंय आणि ते तुम्हीच बघावं अशी माझी इच्छा आहे. आई, तू फक्त सकाळच्या उजेडात अंडी शोधून दे, तुझी नजर अजून माझ्यापेक्षा बारीक आहे.

तुमची लेक