आबा, भिंती लिंटलपर्यंत आल्या

न्यामाता, रवांडा

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शाळेच्या भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत आल्या. परवा तुम्ही विचारलंत, "मातीचंच बांधायचं तर एवढं शिकून तिकडं कशाला गेलास?" नेमकी रेंज गेली आणि उत्तर राहिलं.

इथली माती तांबडी, कोकणातल्यासारखी. आपल्या काळ्या रानासारखी फुगत नाही. वरचा थर शेतीसाठी बाजूला ठेवतो, खालची माती चाळून शंभर घमेल्यांना सात-आठ घमेली सिमेंट घालतो. पाण्याचं गणित मात्र हातावरच. मूठ आवळून गोळा करायचा, छातीच्या उंचीवरून टाकायचा. चार-पाच तुकडे झाले तर माल जमला. थपकन बसला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. कामावरच्या एक बाई गोळा न टाकताच सांगतात, आणि चुकत नाहीत! मग हातयंत्रात ब्लॉक दाबायचा. यंत्र ऑरोविलचं, म्हणजे आपल्या पुद्दुचेरीजवळचं. पुढं चार आठवडे झाकून पाणी मारायचं. भट्टी नाही, म्हणून जळण नाही. इथं चुली लाकूड-कोळशावरच चालतात, त्यात विटांसाठी आणखी झाडं कुठून तोडायची? सिमेंट लागतंच, त्यामुळं 'पर्यावरणपूरक' म्हणून फार मिरवावं असं मला वाटत नाही.

पावसाची तुमची शंका खरी आहे. मार्च ते मे इथं झोडपून काढतो. मध्यंतरी रात्री वाऱ्यानं ताडपत्री उडाली, ताजे ब्लॉक कडेनं विरघळले, ते भरावात गेले. मुरलेले जसेच्या तसे. शिवाय खाली दगडी जोतं आणि वर तीन फुटांची वळचण. किगालीहून येताना गहांगाला क्रिकेटचं मैदान लागतं, २०१७ साली झालेलं. तिथल्या पॅव्हेलियनच्या कमानी अशाच न भाजलेल्या, माती-सिमेंटच्या पातळ फरश्यांच्या. बघून तुम्हीही टेकू शोधला असता.

शनिवारी काम बंद होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अख्खा देश श्रमदान करतो, 'उमुगांडा' म्हणतात. आम्हीही गटारं उपसली.

आता गिलाव्याचं सांगा. बाहेरून न करता ब्लॉकांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, तेवढे भरावेत असं माझं मत आहे, शाळेच्या लोकांना मात्र गुळगुळीत भिंत हवी. तुम्ही काय केलं असतं?

आईचा गुडघा डॉक्टरांना दाखवा, तेल चोळून वेळ काढू नका. आणि फोन जरा उशिरा करा; तुमचे सकाळचे सहा म्हणजे इथं रात्रीचे अडीच.

तुमचा,
धाकटा