निशी-कासाईच्या आजोबांना, एका शेजारणीकडून

आजोबा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. आमचे चिरंजीव वाचून दाखवतील. आता पंधरा पूर्ण झाली त्याला. जपानच्या रग्बी संघाचा कप्तान झालेला मायकल लीच न्यूझीलंडहून सप्पोरोच्या शाळेत आला, तेव्हा तेवढाच होता. म्हणून हे पत्र आज.

ऑक्टोबर २०१९. हागिबिस वादळात टोकियोतल्या आपल्या एदोगावा भागातल्या लाखो लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. नवरा पुण्यात, मी लेकराला घेऊन गोंधळलेली. तुम्ही दार वाजवलंत, आमची बॅग उचललीत नि शाळेच्या जिमची वाट धरलीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे रग्बी विश्वचषकातला जपान-स्कॉटलंड सामना बघायला बसलो. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लेक मात्र गप्प. 'तू जपानी नाहीस' असं वर्गात कुणी म्हणालं होतं, ते बाहेर आलं. जन्म टोकियोचा त्याचा!

तुम्ही समजूत घातली नाहीत. टेबलावर सोया सॉसची बाटली ठेवलीत, तिच्यापुढे एदामामेच्या (कोवळ्या सोयाबीनच्या) आठ-आठ शेंगा समोरासमोर भिडवल्यात. २०१५चा विश्वचषक, इंग्लंडमधलं ब्रायटन. दक्षिण आफ्रिका ३२, जपान २९, शेवटची मिनिटं, पेनल्टी मिळालेली. "किक मारून ३ गुण घेऊन बरोबरी करायची, की स्क्रम?" स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात, तुमच्या शेंगांसारखे. पोरगा म्हणाला, "३ गुण." तुम्ही खो-खो हसलात, "प्रशिक्षक एडी जोन्सलाही तेच हवं होतं!" कप्तान लीचनं स्क्रम घेतला. टोंगात जन्मलेल्या माफी नावाच्या खेळाडूचा लांब पास, न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हेस्केथचा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की ५ गुण), जपान ३४-३२. त्याआधी विश्वचषकात जपान एकदाच जिंकलं होतं, १९९१ मध्ये, झिंबाब्वेविरुद्ध.

मग पडद्यावरच्या लीचकडे बोट दाखवलंत. आई फिजीची, वडील न्यूझीलंडचे. रग्बीत देशाकडून खेळायला पासपोर्ट लागत नाही, तेव्हा ३ वर्षांचं वास्तव्य पुरायचं. तो २००८ पासून जपानकडून खेळतच होता. तरी २०१३ मध्ये नागरिकत्व घेतलं नि नाव जपानी रीतीनं लावलं, 'लीच मायकल'. आडनाव आधी. मला हसू आलं, कारण आमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरही आडनावच आधी!

त्या रात्री जपान २८-२१ जिंकलं, पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेलं. संघातले जवळपास निम्मे परदेशात जन्मलेले, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत, चहा ओतताना. पुढच्या फेरीत दक्षिण आफ्रिकेनं २६-३ नं धुतलं, त्याबद्दल तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत. तेही लक्षात आहे.

पोरगा रग्बी खेळत नाही हो, टेबल टेनिस खेळतो. पण शाळेच्या वहीवर आडनाव ठसठशीत लिहितो, परकी नावं लिहायच्या काताकाना लिपीत त्याची पार वाट लागते तरीही.

चकलीचा डबा दारात ठेवलाय. गेल्या खेपेला डब्यातून एदामामे परत आल्या होत्या. या वेळी शेंगा सोळाच्या वर असू द्या, सामना मांडल्यावर खायला काही उरत नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची