बाबांच्या लिस्टमधल्या तीन बाटल्या

मेलबर्न, रविवार

प्रिय आई, बाबा,

शिरीषदादा १८ तारखेला मुंबईला निघतोय आणि त्याच्या बॅगेत जागा आहे हे कळल्यापासून बाबांचे चार मेसेज आलेत. लिस्ट तीच, मेमरीसाठी गिंको म्हणजे त्या चिनी झाडाच्या पानांचा अर्क, गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल, आईच्या झोपेसाठी अश्वगंधा. फोनवर सांगायला गेलं की बाबा मध्येच आईच्या हातात फोन देतात म्हणून लिहून पाठवतेय, आधी पूर्ण वाचा, मग काय चिडायचंय ते चिडा.

परवा ऑफिसमधून येताना केमिस्टकडे गेले होते. हळदीची बाटली उचलली, चाळीस डॉलरच्या वर किंमत, मागचं सगळं इतक्या बारीक अक्षरात की फोटो काढून झूम करून वाचलं. खाली कोपऱ्यात ‘ऑस्ट एल’ आणि पुढे एक नंबर. बाबा ज्याला गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड म्हणतात ना ते हेच. एल म्हणजे लिस्टेड, आतले घटक सरकारच्या कमी धोक्याच्या यादीतले आहेत आणि गुण येतो याचा पुरावा आमच्याकडे आहे असं कंपनीनेच लिहून दिलंय, बाजारात येण्याआधी तो पुरावा कोणी मागून बघत नाही. बघतात त्या औषधांवर ‘ऑस्ट आर’ असतं. मी तिथे उभी राहून दहाएक बाटल्या उलट्या करून बघितल्या, सगळ्या एलवाल्या, शेवटी काउंटरवरची मुलगी विचारायला आली की काही हरवलंय का.

आता हळद. बाबा, तुमचं ते पेटंटचं मला पाठ आहे, अमेरिकेने १९९५ मध्ये जखम बरी करायला हळद वापरण्याचं पेटंट दिलं आणि माशेलकरांनी ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. अभिमान मलाही आहे. पण ती केस आपण जिंकलो ती हे आपल्याकडे पूर्वीपासून माहिती होतं म्हणून, हळदीने गुडघे बरे होतात असं त्यात कोणी सिद्ध केलेलं नाही. गुडघ्यांवरचा अभ्यास इथेच टास्मानियात झालाय, २०२० मध्ये छापून आला, ७० माणसं, १२ आठवडे. हळदीच्या कॅप्सूलवाल्यांचं दुखणं खोट्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या कॅप्सूलवाल्यांपेक्षा शंभराच्या मापावर साधारण ९ ने जास्त कमी झालं, एमआरआयमध्ये सांध्यातल्या सुजेत मात्र काही फरक नाही. म्हणजे अगदीच थाप नाहीये, पण करी रोडच्या पुलाचे जिने तुम्ही टणाटण चढाल असंही नाही. आणि आमटीतली हळद वेगळी, तिच्यात करक्यूमिन, म्हणजे हळदीतला कामाचा घटक, जेमतेम तीन टक्के आणि तेही अंगात फार कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. बंगळुरूच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की त्याने शोषण कितीतरी पट वाढतं. गोम तिथेच आहे, कारण असल्या जास्त शोषल्या जाणाऱ्या आणि जास्त डोसच्या कॅप्सूलनेच काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाला आणि इथल्या औषध खात्याने २०२३ मध्ये तसा इशारा काढलाय.

लिव्हर म्हटलं की मला आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकू आठवतात. कोरोनात रोज सकाळी कंपाउंडमधली गुळवेल तोडून काढा, सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना तोच वाटायच्या, आणि दिवाळीनंतर डोळे पिवळे. डॉक्टरांनी विचारलं औषधं काय चालू आहेत तर म्हणाल्या काहीच नाही! काढा म्हणजे काय औषध असतं का. मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असेच सहा पेशंट छापले होते, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, म्हणे गुळवेल म्हणून दुसरीच वेल घेतली असेल, आणि पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ सेंटर्समधून गुळवेलीने असाच लिव्हरचा त्रास झालेल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला. काकू काढा सोडल्यावर बऱ्या झाल्या हे नशीब.

गिंकोवर तर सांगण्यासारखं फार नाहीच. अमेरिकेत तीन हजारांवर माणसं, सगळी ७५ च्या पुढची, सहा वर्षं दिवसातून दोनदा गिंको नाहीतर खोटी गोळी, २००८ मध्ये निकाल आला. खोट्या गोळीवाल्यांत २४६ जणांना डिमेन्शिया, गिंकोवाल्यांत २७७. त्यात बाबा, तुमचा स्टेंट झालाय, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन दोन्ही गोळ्या चालू, त्यावर गिंको घेतलं तर रक्तस्राव वाढायची भीती असते. आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं हे तुम्ही चाळिशीतही करायचात, आईला विचारा.

आई, तुझी अश्वगंधा. नीमच-मंदसौरकडची मुळं जहाजाने इकडे यायची, बाटलीत भरायची आणि दादाच्या बॅगेतून परत लालबागला, काय तो प्रवास! झोपेसाठी छोट्या छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय हे मी नाकारत नाही. पण तिने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं आणि तू आधीच सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतेस, मग डोस ठरवणार कसा? डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. झोपेचं म्हणशील तर साडेनऊची सिरियल संपल्यावरचा तो कप चहा आधी बंद कर.

झाडपाला म्हणून मी सगळ्यालाच नावं ठेवतेय असं वाटत असेल तर बाबांचं इसबगोल चालू राहू दे, त्याने कोलेस्टेरॉल थोडं उतरतं हे नीट सिद्ध झालेलं आहे, फक्त भरपूर पाण्याबरोबर आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब. आणि फिजिओने दिलेले मांडीचे व्यायाम, ते मी व्हिडिओ कॉलवर करून घेणार, रोज, आठ वाजता तुमच्या.

दादाबरोबर चॉकलेट आणि आईचा स्वेटर पाठवतेय. तुम्ही एक करा, फ्रिजवर आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात जेवढे डबे, चूर्णं, बाटल्या आहेत त्या सगळ्यांचा फोटो पाठवा, झाकणाचा नको, मागच्या लेबलचा, आणि पुढच्या वेळी कार्डिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा तीच लिस्ट त्यांनाही दाखवा. आईने मागच्या महिन्यात शेजारून आणलेली ती बिनलेबलची हिरवी पावडरपण त्यात धरा, मला दिसली होती कॉलवर.

आणि दादा परत येताना मिरची गल्लीतली हळद, सीलबंद पाकीट, अर्धा किलो. इथली आमटीत घातली की नुसता रंग येतो.

तुमची,
मनू